गोविंद सदाशिव घुर्ये : पोथीपासून उंबरठ्यापर्यंत



साहित्य आणि समाज यांच्या संबंधाचा विचार करताना ऑग्युस्त कॉम्त, हर्बर्ट स्पेन्सर, कार्ल मार्क्स, एमिल दुर्खीम आणि मॅक्स वेबर ही नावे तुमच्या वाचनात आली असतील. समाजशास्त्राची पायाभरणी या मंडळींनी केली. ‘सोशिऑलॉजी’ हा शब्दच कॉम्त यांनी एकोणिसाव्या शतकात रूढ केला. त्याचा पूर्वार्ध लॅटिन आणि उत्तरार्ध ग्रीक आहे, त्यामुळे भाषाशुद्धीच्या अभिमान्यांना तो बराच काळ खटकत राहिला. हे सर्व विचारवंत युरोपातले होते. फ्रेंच राज्यक्रांतीनंतरची उलथापालथ, कारखान्यांमुळे वाढलेली शहरे, धर्मसंस्थेची उतरत चाललेली सत्ता हे त्यांच्या डोळ्यांपुढील वास्तव होते आणि त्यातूनच त्यांचे प्रश्न निर्माण झाले.

भारतीय समाजाविषयीही त्यांनी लिहिले. वेबर यांनी हिंदू धर्म आणि जातिव्यवस्था यांवर विस्तृत विवेचन केले. परंतु ते भारतात कधी आले नाहीत. दुर्खीम यांचे सहकारी सेलेस्तँ बुग्ले यांनी १९०८ साली जातिसंस्थेवर निबंध प्रसिद्ध केले, तेही ग्रंथांच्याच आधारे. येथे प्रत्यक्ष वावरणारे ब्रिटिश अधिकारी होते, पण त्यांची दृष्टी राज्यकर्त्याची होती. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ली यांनी तर नाकाची लांबी-रुंदी मोजून जातींचा उगम वंशभेदात शोधला. अशा वेळी दोन प्रश्न उभे राहतात. ज्या समाजात आपण जन्मलो, ज्याच्या पंक्तीला बसलो, त्या समाजाचा शास्त्रीय अभ्यास आपल्यालाच करता येईल काय? आणि करता आला, तर आपल्या जन्माने ठरवून दिलेली जागा त्या अभ्यासाला कोठे साहाय्य करील आणि कोठे आड येईल? गोविंद सदाशिव घुर्ये यांचे चरित्र आपण वाचायचे ते या दोन प्रश्नांसाठी.

मराठीच्या अभ्यासक्रमात समाजशास्त्रज्ञाचे चरित्र कशाला, असे तुमच्यापैकी काहींना वाटेल. त्याचे उत्तर पुढे येईलच. तूर्त एवढेच ध्यानात ठेवा की, इरावती कर्वे या घुर्ये यांच्या विद्यार्थिनी होत्या.

मालवण आणि गिरगाव

घुर्ये यांचा जन्म १२ डिसेंबर १८९३ रोजी मालवण येथे एका सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. घरचा व्यापार होता. एके काळी तो भरभराटीचा होता, परंतु घुर्ये यांच्या लहानपणी त्याला उतरती कळा लागली होती. शिक्षणासाठी कोकणातून मुंबई गाठणे ही त्या काळची रुळलेली वाट होती. घुर्येही त्याच वाटेने आले आणि गिरगावातील आर्यन एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत काही काळ शिकले. पुढचे शालेय शिक्षण त्यांनी गुजरातेत, जुनागढ संस्थानात घेतले.

गिरगावातील हा काळ मोठा नव्हता. तरीही येथे थोडे थांबावे असे मला वाटते, कारण समाजशास्त्राच्या अभ्यासकाला गिरगावासारखी दुसरी पाठशाळा क्वचितच मिळेल. फणसवाडी, आंबेवाडी, कांदेवाडी, गायवाडी, झावबाची वाडी ही नावे उच्चारून पाहा. ‘वाडी’ म्हणजे मूळची झाडांची, कुंपण घातलेली जागा. शहर वाढले, झाडे गेली आणि झाडांच्या नावांखाली माणसे राहू लागली. काही वाड्यांना व्यक्तींची नावे मिळाली. त्यांपैकी खोताची वाडी तुमच्यापैकी अनेकांना परिचित असेल. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांची ही जमीन होती. तिचे तुकडे त्यांनी ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना विकले. त्या कुटुंबांनी तेथे लाकडी घरे बांधली. पुढे प्रशस्त ओटा, मागे अंगण, वरच्या मजल्यावर जाण्यासाठी बाहेरून जिना अशी या घरांची पोर्तुगीज वळणाची धाटणी आहे. एके काळी अशी सुमारे ६५ घरे होती. आज त्यांतील निम्मीही उरलेली नाहीत. मासळीच्या जेवणासाठी नावाजलेली आणि आता बंद झालेली ‘अनंताश्रम’ ही खानावळही याच वाडीतली.

घुर्ये या वाडीत राहत होते असे मला सुचवायचे नाही. ते ज्या भागात शाळेला जात होते, त्या भागाची घडण कशी होती हे दाखवण्यासाठी मी ही वाडी निवडली आहे. ईस्ट इंडियन लोकांची आडनावे पोर्तुगीज आहेत, धर्म रोमन कॅथलिक आहे आणि घरात बोलली जाणारी बोली मराठीची आहे. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव त्यांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने स्वीकारले. गोव्याकडून आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपले वेगळेपण दाखवणे हा त्यामागील एक हेतू होता. धर्म एक असूनही दोन समाज स्वतःला वेगळे का म्हणवतात? धर्मांतरानंतरही कोळी, कुणबी, वाडवळ, सामवेदी या जुन्या ओळखी शतकानुशतके का टिकतात? मार्क्सचा अनुयायी येथे जमिनीची मालकी पाहील. दुर्खीम यांचा विद्यार्थी माणसांना बांधून ठेवणारे श्रद्धेचे आणि विधींचे दुवे शोधील. वेबर यांना मानणारा अभ्यासक एखाद्या गटाची प्रतिष्ठा कशावर ठरते ते तपासील. घुर्ये यांच्या पद्धतीने विचार करणारा मनुष्य मात्र आधी एक साधा प्रश्न विचारील : यांच्या मुलींची लग्ने कोणाच्या घरी होतात?

संस्कृतचा विद्यार्थी

१९१३ साली घुर्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात दाखल झाले. योगायोग असा की, त्याच सुमारास त्या महाविद्यालयातून बी.ए. झालेले भीमराव आंबेडकर अमेरिकेला रवाना झाले. या दोघांच्या वाटा पुढे अनेकदा एकमेकींजवळून गेल्या. त्याकडे आपण येऊच. घुर्ये १९१६ मध्ये बी.ए. आणि १९१८ मध्ये एम.ए. झाले. बी.ए.ला त्यांना भाऊ दाजी पारितोषिक आणि एम.ए.ला कुलपतींचे सुवर्णपदक मिळाले. त्यांचा मुख्य विषय संस्कृत होता.

ही गोष्ट चरित्रातील एक तपशील म्हणून सोडून देण्यासारखी नाही. संस्कृतचा अभ्यासक शब्दाचा माग काढतो. एखादा विधी श्रौतसूत्रात कसा आहे, धर्मशास्त्रात कसा बदलला, टीकाकाराने त्याला कोणता अर्थ दिला, हे तो ओळीने लावून पाहतो. समाजाकडेही घुर्ये जन्मभर याच नजरेने पाहत राहिले. आजची रूढी दिसली की तिची जुन्यात जुनी नोंद शोधायची, हा त्यांच्या मनाचा स्थायीभाव होता. भाषाशास्त्राचा अभ्यासक म्हणून मला ही सवय जवळची वाटते. तिचा धोकाही मला ठाऊक आहे. शब्द जुना असला म्हणून त्याचा आजचा अर्थ जुना असतोच असे नाही आणि रूढीचेही तसेच असते.

१९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला. पॅट्रिक गेडीस हे त्याचे पहिले प्रमुख. मूळचे जीवशास्त्रज्ञ असलेले हे स्कॉटिश गृहस्थ नगररचनाकार म्हणून प्रसिद्ध होते. शहर समजून घ्यायचे तर ते पायी हिंडून पाहिले पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. परदेशी जाऊन समाजशास्त्र शिकण्यासाठी विद्यापीठाने त्याच वर्षी घुर्ये यांची निवड केली आणि त्यांना शिष्यवृत्ती दिली.

ते प्रथम लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये एल. टी. हॉबहाउस यांच्याकडे गेले. हॉबहाउस समाजाच्या नैतिक उत्क्रांतीचा व्यापक सिद्धान्त मांडणारे होते. तेथे घुर्ये यांचे मन रमले नाही. ते केंब्रिजला डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्याकडे गेले आणि तेथे त्यांना त्यांचा गुरू मिळाला. रिव्हर्स वैद्यक आणि मानसशास्त्र यांतून मानवशास्त्राकडे आले होते. निलगिरीतील तोडा लोकांमध्ये राहून त्यांनी १९०६ साली त्यांच्यावर ग्रंथ लिहिला होता. घरोघर वंशावळी विचारून, कोण कोणाला कोणत्या नात्याच्या शब्दाने हाक मारतो हे नोंदवून समाजाची रचना उलगडण्याची पद्धत त्यांनी सिद्ध केली होती. जून १९२२ मध्ये रिव्हर्स यांचा अकस्मात मृत्यू झाला. घुर्ये यांनी प्रबंध ए. सी. हॅडन यांच्या मार्गदर्शनाखाली पूर्ण केला आणि १९२३ मध्ये ते मुंबईला परतले.

नात्याच्या शब्दांवरून समाज कसा ओळखतात, याचे एक घरचे उदाहरण पाहू. मराठीत सासऱ्याला ‘मामंजी’ म्हणण्याची आणि सासूला ‘आत्याबाई’ म्हणण्याची जुनी रीत आहे. सासरा मामा कसा आणि सासू आत्या कशी? ज्या समाजात मामाच्या किंवा आत्याच्या घरी मुलगी देणे रीतीचे असते, तेथे हे दोन्ही शब्द एकाच माणसाला लागू पडतात. उत्तरेत, हिंदी मुलखात असा विवाह बहुधा निषिद्ध मानतात. दक्षिणेत तो पसंतीचा असतो. महाराष्ट्र या दोहोंच्या सीमेवर आहे. लग्नाची ही रीत ज्या घरांतून गेली, त्या घरांतही तिची खूण शब्दांत राहून गेली आहे. इरावती कर्वे यांनी भारतभरातील नातेव्यवस्थेवर १९५३ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याची बैठक अशाच प्रकारच्या निरीक्षणांची आहे. रिव्हर्सपासून घुर्ये आणि घुर्ये यांच्यापासून इरावतीबाई अशी ही परंपरा सांगता येते.

जातीची सहा लक्षणे

१९२४ च्या जूनमध्ये घुर्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्रपाठक आणि विभागप्रमुख झाले. या पदावर ते पुढील ३५ वर्षे होते. केंब्रिजच्या प्रबंधावर आधारलेला त्यांचा जात आणि वंश या विषयावरील ग्रंथ १९३२ साली लंडनहून प्रसिद्ध झाला. त्यांची सर्वाधिक ख्याती याच ग्रंथामुळे आहे. पुढील आवृत्त्यांत त्यांनी त्यात भर घातली आणि त्याचे नावही बदलत नेले. वंशाच्या जागी वर्ग आला, मग व्यवसाय आला. नावातील हा बदल विषयाच्या बदलत्या रोखाचा निदर्शक आहे.

जातीची एका वाक्यात व्याख्या करण्याचे त्यांनी टाळले. इतक्या गुंतागुंतीच्या संस्थेला एका सूत्रात बसवणे त्यांना योग्य वाटले नाही. त्याऐवजी त्यांनी सहा लक्षणे सांगितली. समाज जन्मावर आधारलेल्या खंडांत विभागलेला असतो आणि प्रत्येक खंडाला स्वतःची पंचायत, स्वतःचे नियम असतात. या खंडांची उतरंड असते. कोणी कोणाच्या हातचे खावे-प्यावे, कोणी कोणाला शिवावे यांवर बंधने असतात. नागरी आणि धार्मिक बाबतींत काही जातींना विशेष हक्क असतात, तर काहींवर अपात्रता लादलेल्या असतात. विहीर, रस्ता, देऊळ ही त्याची ठळक उदाहरणे. व्यवसाय हवा तो निवडता येत नाही. आणि विवाह जातीच्या, बहुधा पोटजातीच्या, मर्यादेत करावा लागतो.

मराठीत ‘रोटीबेटी व्यवहार’ हा जोडशब्द आहे. घुर्ये यांची तिसरी आणि सहावी खूण आपल्या भाषेने एका शब्दात कधीच गुंफून ठेवली होती. आता एक अभ्यास करून पाहा. वहीच्या पानावर ही सहा लक्षणे लिहा आणि प्रत्येकापुढे आपल्या आजोबांच्या पिढीतील आणि आपल्या पिढीतील परिस्थिती एकेका वाक्यात नोंदवा. कोणतेही उत्तर सुसंस्कृत दिसावे म्हणून बदलू नका. तुमच्यापैकी बहुतेक जण शहरात नोकरी करता, उपाहारगृहात कोणी रांधले हे विचारत नाही, लोकलच्या डब्यात कोणाला खेटून उभे आहोत हे पाहत नाही. तेव्हा तिसऱ्या लक्षणापुढे मोठा फरक नोंदवला जाईल. सहाव्यापुढे काय लिहावे लागते ते पाहा. संदेह वाटल्यास रविवारच्या वर्तमानपत्रातील विवाहविषयक जाहिरातींचे पान उघडा.

रिस्ली यांच्या वंशसिद्धान्ताचे घुर्ये यांनी काय केले, हा या ग्रंथातील दुसरा महत्त्वाचा भाग आहे. उच्च जाती आर्य वंशाच्या आणि खालच्या जाती अनार्य, हे नाकाच्या मापावरून सिद्ध होते असे रिस्ली यांचे म्हणणे होते. घुर्ये यांनी मापे टाकून दिली नाहीत. प्रांतवार मांडून ती त्यांनी पुन्हा वाचली. हा सिद्धान्त फार तर गंगेच्या खोऱ्यातील हिंदुस्थानापुरता लागू पडतो, इतरत्र तो टिकत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. मुंबई इलाख्याविषयीची त्यांची नोंद आजही वाचकाला चकित करते. शरीरमापांच्या दृष्टीने देशस्थ ब्राह्मण हा चित्पावन ब्राह्मणापेक्षा सोनकोळ्याला अधिक जवळचा असल्याचे त्यांना आढळले. त्यानंतर महार आणि कुणबी येतात. ज्या काळात रक्ताच्या शुद्धतेचा अभिमान सभासंमेलनांतून मिरवला जात होता, त्या काळात मुंबईच्या एका ब्राह्मण प्राध्यापकाने हे आकड्यांनिशी मांडले, याचे मोल कमी लेखू नये. शरीरमापांवरून माणसांचे वंश ठरवण्याचा उद्योगच पुढे शास्त्राने मोडीत काढला. पण घुर्ये यांनी तो त्याच्याच हत्याराने अर्धाअधिक खिळखिळा केला होता.

आंबेडकर आणि घुर्ये

डॉ. आंबेडकर यांनी १९१६ साली, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील एका चर्चासत्रात जातीवर निबंध वाचला होता. जातीचे मर्म अंतर्विवाहात आहे, स्वतःभोवती प्रथम कुंपण घातले ते ब्राह्मणांनी आणि इतरांनी त्यांचे अनुकरण केले, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. घुर्ये यांनीही अंतर्विवाहाची प्रथा गंगेच्या खोऱ्यातील ब्राह्मणांपासून सुरू होऊन पसरली असेच प्रतिपादन केले. १९२० नंतर हे दोघेही लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सशी संबंधित होते, आणि पुढे मुंबई ही दोघांचीही कर्मभूमी झाली. अस्पृश्यतेच्या उगमावरील आपल्या १९४८ च्या ग्रंथात आंबेडकरांनी घुर्ये यांनी सादर केलेल्या मापांचा आधार घेतला. ब्राह्मण आणि अस्पृश्य हे भिन्न वंशांचे नाहीत, हे दाखवण्यासाठी त्यांनी ती मापे वापरली.

सामग्री एक असली, तरी दोघांचे रोख निराळे होते. आंबेडकरांना जात नष्ट करायची होती. शास्त्रग्रंथांचे प्रामाण्य झुगारल्याशिवाय ते होणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. घुर्ये यांनाही जात हानिकारक वाटत होती. परंतु तिच्यावर त्यांनी सुचवलेला उपाय शिक्षण, नागरी जीवन आणि आंतरजातीय विवाह यांतून येणाऱ्या एकजीवतेचा होता. जातवार राखीव जागांना त्यांनी विरोध केला. त्यामुळे जातीची जाणीव अधिक घट्ट होईल, असे त्यांचे मत होते. ब्रिटिश राजवटीने जनगणनेच्या तक्त्यांतून जातींना कसे बळ दिले, जातींच्या परिषदा आणि वसतिगृहे कशी उभी राहिली, याचे त्यांनी केलेले वर्णन मार्मिक आहे. परंतु ज्याला विहिरीवर चढू दिले जात नाही त्याने आपल्या जातीच्या नावाने संघटित होणे आणि ज्याच्या हाती विहीर आहे त्याने तसे होणे, या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत. घुर्ये यांच्या विवेचनात हा फरक पुरेसा स्पष्ट होत नाही, असे माझे मत आहे. सहा लक्षणांतील चौथे लक्षण त्यांनी अचूक नोंदवले. त्याचा भार ज्यांच्या डोक्यावर होता, त्यांच्या बाजूने ते पाहण्याची वेळ त्यांच्यावर आली नव्हती.

विभाग आणि विद्यार्थी

१९३६ साली मुंबईच्या विभागात समाजशास्त्राच्या पीएच.डी.ची सोय झाली. भारतीय विद्यापीठाने या विषयात दिलेली पहिली पीएच.डी. जी. आर. प्रधान यांना घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली मिळाली. त्यांच्या अभ्यासाचा विषय मुंबई शहरातील अस्पृश्य कामगार हा होता. वर मी जे म्हटले, त्याच्याशी हे ताडून पाहा. गुरूच्या लेखनात जे कमी पडले, त्याची वाट गुरूनेच शिष्याला मोकळी करून दिली होती.

एम. एन. श्रीनिवास म्हैसूरहून मुंबईला आले. त्यांनी घुर्ये यांच्याकडे कूर्ग लोकांवर प्रबंध लिहिला, मग ते ऑक्सफर्डला गेले आणि तेथून वेगळी दृष्टी घेऊन परतले. गाव हे गाव म्हणून, आज जसे दिसते तसे, त्याच्या अंतर्गत संबंधांसह पाहावे. त्याचे मूळ पोथीत शोधत बसू नये, असे त्यांचे मत झाले. संस्कृतीकरणाची त्यांची प्रसिद्ध संकल्पना याच दृष्टीतून आली. ए. आर. देसाई मार्क्सवादी होते. भारतीय राष्ट्रवादाच्या सामाजिक पार्श्वभूमीवरचा त्यांचा प्रबंध मार्क्सवादाशी काहीही सोयरसुतक नसलेल्या घुर्ये यांच्या हाताखालीच झाला. आणि इरावती कर्वे यांनी १९२८ साली चित्पावन ब्राह्मणांवर प्रबंध लिहून एम.ए. पदवी मिळवली. स्वतःच्या सासर-माहेरच्या मंडळींचा शास्त्रीय विषय म्हणून अभ्यास करायचा, हे त्या काळी एका तरुण स्त्रीला सोपे गेले नसणार. आपल्यांकडे परक्याच्या नजरेने पाहण्याचा हा सराव इरावतीबाईंना तेव्हाच मिळाला, आणि त्यांच्या ललित गद्याला तो पुढे फार उपयोगी पडला.

स्वतः घुर्ये यांनी इतक्या विषयांवर लिहिले की, नुसती यादी वाचताना दमछाक होते : साधूंचे पंथ, भारतीय वेशभूषा, भरतनाट्य, महादेव कोळी, नगरे आणि संस्कृती, मुंबईच्या मध्यमवर्गीयांचे लैंगिक जीवन. सगळेच सारख्या तोलाचे नाही. कित्येक ठिकाणी संदर्भांचा ढीग मोठा आणि निष्कर्ष लहान असतो. मला त्यांतील लोणीकंदवरचे पुस्तक विशेष आवडते. पेशवाई संपताच टॉमस कोट्स या इंग्रज डॉक्टरने पुण्याजवळील लोणी गावाची तपशीलवार पाहणी केली होती. सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर घुर्ये यांनी त्याच गावाची पुन्हा पाहणी करवली आणि १९६० साली दोन्ही चित्रे शेजारी ठेवली. पोथी आणि उंबरठा यांची गाठ त्यांनी येथे फार चांगली घातली आहे.

१९५१ साली त्यांनी इंडियन सोशिऑलॉजिकल सोसायटीची स्थापना केली. ते तिचे पहिले अध्यक्ष होते. पुढच्या वर्षी संस्थेचे नियतकालिक सुरू झाले.

आदिवासींविषयीचा वाद

घुर्ये यांच्या विचारातील सर्वांत वादग्रस्त भाग आदिवासींसंबंधीचा आहे. इंग्रज मानवशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन मध्य भारतात बैगा आणि गोंड यांच्यात राहत होते. बाहेरच्या लोकांच्या शिरकावामुळे आदिवासींची जमीन जाते, मनोबल खचते. म्हणून काही प्रदेश त्यांच्यासाठी राखून बाहेरच्यांना आवर घालावा, असे त्यांनी सुचवले. घुर्ये यांनी १९४३ साली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात याचा प्रतिवाद केला. हे लोक शतकानुशतके हिंदू समाजाच्या संपर्कात आहेत, त्यांना मागासलेले हिंदू म्हणणेच योग्य, आणि त्यांच्या हालांचे मूळ हिंदूंच्या संपर्कापेक्षा ब्रिटिशांच्या जमीन, जंगल आणि कर्ज यांविषयीच्या कायद्यांत आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

कायद्यांविषयीचा त्यांचा मुद्दा बळकट आहे. ठाणे जिल्ह्यातील वारल्यांच्या जमिनी सावकारांच्या हाती कशा गेल्या, हे ज्याला ठाऊक आहे तो तो नाकारणार नाही. पण एखाद्या समाजाचे नाव आणि जागा दुसऱ्या समाजाच्या मापाने ठरवावी काय, हा प्रश्न उरतो. मी येथे भाषेची साक्ष काढीन. वारली बोली मराठीच्या कुळातली आहे. गोंडी मात्र द्राविडी आहे आणि मेळघाटातील कोरकू तर मुंडा कुळातली, म्हणजे झारखंडाकडील मुंडारीची नातलग. चारी बाजूंनी मराठी-हिंदीचा वेढा असताना जी भाषा इतकी वर्षे तगली, ती बोलणाऱ्या लोकांना केवळ मागे राहिलेले आपलेच लोक म्हणणे हे त्यांचे अर्धे अस्तित्व पुसण्यासारखे आहे. संस्कृतच्या खिडकीतून पाहणाऱ्याला संस्कृतचा ठसा दिसला. ठसा नसलेली जागा रिकामी वाटली. पुढील पिढीतील अभ्यासकांनी घुर्ये यांच्यावर हिंदू राष्ट्रवादी दृष्टीचा आक्षेप घेतला, तो प्रामुख्याने अशाच लेखनावरून. या आक्षेपाची माहिती ठेवूनच तुम्ही घुर्ये वाचा.

उत्तरकाल

१९५९ साली घुर्ये निवृत्त झाले आणि विद्यापीठाने त्यांना सन्माननीय प्राध्यापकपद दिले. निवृत्तीनंतर अनेकांची लेखणी मंदावते. घुर्ये यांच्या सुमारे ३० ग्रंथांपैकी १७ निवृत्तीनंतरचे आहेत. १९७३ साली आलेले आत्मचरित्र त्यांतलेच. २८ डिसेंबर १९८३ रोजी, वयाची नव्वद वर्षे पूर्ण झाल्यावर थोड्याच दिवसांनी त्यांचे निधन झाले.

हे जवळजवळ सारे लेखन इंग्रजीत आहे. त्यांच्याआधी श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जातिसंस्थेच्या इतिहासावर संशोधन केले, पण परतल्यावर ते ज्ञानकोशाकडे आणि कादंबरीकडे वळले. समाजशास्त्र मराठीत बोलावे यासाठी त्यांनी परिभाषाही घडवली. घुर्ये यांनी ती वाट धरली नाही. त्यांचे वाचक लंडनपासून कलकत्त्यापर्यंत पसरले. गिरगावच्या वाडीतला मराठी वाचक मात्र त्यांच्या ग्रंथांपर्यंत क्वचितच पोहोचला. त्यांचा विचार मराठीत आला तो बव्हंशी इरावतीबाईंच्या हातून. ‘युगान्त’ वाचाल तेव्हा एक गोष्ट लक्षपूर्वक पाहा : कुंती, गांधारी, द्रौपदी यांच्याविषयी लिहिताना लेखिका प्रत्येकीचे माहेर कोणते, तिला कोणत्या कुळात दिले, तेथे तिची जागा कोणती होती, हे किती वेळा आणि कोणत्या क्रमाने विचारते, ते पानांच्या आकड्यांसह वहीत टिपून ठेवा.